परात आणि डंपर यांना एकाच कलमात बांधू नका

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जळगाव, धुळे आणि नंदुरबार
तसेच तिन्ही जिल्ह्यांतील मा. उपवनसंरक्षक

विषय : नद्यांच्या कोरड्या पात्रात हाताने वाळू धुऊन पाहणाऱ्या व गारगोट्या वेचणाऱ्या छंदी नागरिकांना मर्यादित स्वरूपाची लेखी परवानगी मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक आहे. नोकरीत असताना ज्या नद्यांची नावे फळ्यावर लिहीत आलो, त्या नद्यांच्या पात्रात निवांत बसायला वेळ मिळाला तो निवृत्तीनंतरच. आमचा सात-आठ जणांचा गट आहे. त्यात भुसावळचे एक निवृत्त रेल्वे गार्ड आहेत, जळगावच्या सराफ बाजारात दागिने घडवणारा एक कारागीर आहे, दोन महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत आणि त्यांतल्या एकीची आईही अधूनमधून येते. हिवाळ्यातल्या रविवारी गिरणा, वाघूर किंवा तापी यांपैकी एखाद्या नदीच्या उघड्या पात्रात परात, चाळणी, भिंग आणि जेवणाचे डबे घेऊन आम्ही जातो, वाळू धुतो, दगड पाहतो आणि उन्हे उतरायच्या आत घरी परततो. गावातले लोक आम्हाला थट्टेने ‘सोनं शोधणारे’ म्हणतात. काठावरून जाणारा एखादा ट्रॅक्टरवाला हाक मारून विचारतो, “काही सापडनं का गुरुजी?” आणि आम्ही हात हलवून नाही म्हणतो.

हे ‘नाही’ खरे आहे, आणि ते या पत्रात आरंभीच सांगून टाकणे मला आवश्यक वाटते. खानदेशात सोन्याची नदी नाही. आपल्या पायाखालचा बहुतेक खडक हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण आहे, आणि पृथ्वीच्या कवचात सरासरीने सोने असते ते टनामागे चार मिलीग्रॅमच्या आसपास. खाण चालवायची तर टनामागे काही ग्रॅम तरी सोने लागते. म्हणजे हिशेब हजारपटीने चुकतो. महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा आहेत त्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या, दख्खनच्या काळ्या पाषाणाहून कितीतरी जुन्या खडकांत. वैनगंगेच्या खोऱ्यात बालाघाटकडे सोनझरी समाजाचे लोक पिढ्यान् पिढ्या ओढ्यांची वाळू धूत आले, झारखंडातल्या सुवर्णरेखेला तर नावच त्यावरून मिळाले. तापीला ते भाग्य नाही. तापीची वाळू परातीत धुतली की तळाशी शेवटी उरते ती काळी, जड रेती. ती बहुतांश मॅग्नेटाइटची, म्हणजे लोहचुंबकाचीच असते. साधा चुंबक कागदाखालून फिरवला की ती मुंगळ्यांच्या रांगेसारखी त्याच्या मागे धावते. पाहणाऱ्या मुलांना याचे जे अप्रूप वाटते, ते मी तीस वर्षे वर्गात शिकवूनही निर्माण करू शकलो नव्हतो.

मग आम्ही तेथे जातो कशासाठी, असा प्रश्न आपल्या कार्यालयात नक्कीच विचारला जाईल. त्याचे उत्तर परातीत आहे. सोने पाण्याच्या सव्वाएकोणीस पट जड, मॅग्नेटाइट सव्वापाच पट आणि गारेची वाळू जेमतेम अडीच-पावणेतीन पट. परात पाण्यात कलती धरून हलवली की हलके वाहून जाते आणि जड तळाशी बसते. नदी पुराच्या वेळी वळणावर, मोठ्या गोट्याच्या आडोशाला, खडकाच्या भेगेत हेच करत असते. ते आपल्या हाताने करून पाहिले की नदी वाचता येऊ लागते. शिवाय या पात्रांत अकीक आहे, जास्पर आहे, पोकळ्यांत स्फटिक धरलेल्या गारगोट्या आहेत. जळगाव परिसरातील विहिरींच्या खोदकामांतून आणि दगडखाणींतून निघणारे स्टिल्बाइटसारखी झिओलाइटे आणि अपोफिलाइट या स्फटिकरूप खनिजांचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत, आणि आपल्या येथील शाळकरी मुलाने त्यांतला एकही हातात धरलेला नसतो. सिन्नरला गारगोटीचे संग्रहालय आहे, ते पाहायला जळगावची सहल जाते. वाघूर मात्र घराजवळ असून तिच्याकडे कोणी जात नाही.

आम्हाला धुणे शिकवले ते एका झारेकरी आजींनी. आपणांपैकी जे या भागातले नसतील त्यांच्यासाठी सांगतो, की सराफी दुकानांची झाडलोट आणि बाजारातल्या गटारीतली माती विकत घेऊन, ती धुऊन, त्यातले सोन्याचे कण वेगळे करणारे झारेकरी ही सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावच्या सराफीची न दिसणारी बाजू आहे. पुस्तकात वाचून आम्ही कोपरापासून हात हलवत होतो. आजी म्हणाल्या, मनगट हलवा, कोपर अंगाला टेकवून ठेवा, आणि पाण्याला घाई करू नका. दोन रविवारांत हात बसला. त्या आजी आता नदीवर येत नाहीत. दोनदा हटकल्या गेल्यानंतर घरामागच्या सिमेंटच्या टाकीत त्या धुतात, आणि ते पाणी वारंवार बदलायला त्यांना परवडत नाही. हे पत्र आमच्या छंदाविषयी असले, तरी नियमाच्या संदिग्धतेची खरी किंमत आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांपेक्षा त्यांच्यासारख्यांनी मोजलेली आहे, याची नोंद आपण घ्यावी.

आता मूळ प्रसंग सांगतो. कोणत्या तालुक्यातला, हे लिहीत नाही, कारण माझी तक्रार व्यक्तीबद्दल नाही. डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही पात्रात बसलेलो असताना वाळूचोरीविरोधी गस्तीचे पथक आले. आमच्याजवळ एक पितळी परात, दोन चाळण्या, एक खुरपे, चुंबक आणि सहा-सात लहान काचेच्या बाटल्या होत्या. पथकातील कर्मचाऱ्यांनी सभ्यपणे चौकशी केली आणि बहुधा ते निघूनही गेले असते, पण एका बाटलीत त्यांना खरोखरीचा सोन्याचा कण दिसला. तो कण आमच्या सराफी कारागिराने स्वतःच्या पेढीच्या झाडलोटीतून आणलेला होता. सरावासाठी तो आम्ही वाळूत मिसळायचो आणि पुन्हा शोधून काढायचो. गिरणा खोऱ्यात आजवर आम्हाला जे काही सोने सापडले, ते सर्व आम्हीच तेथे नेलेले होते. पण हे वाक्य पंचनाम्यात लिहायला कोण तयार होणार? अखेर तीन तासांनी आम्हाला सोडण्यात आले, बाटली परत मिळाली, आणि परात व चाळण्या ‘वाळू उत्खननाचे साहित्य’ म्हणून जमा करून घेण्यात आल्या. परात माझ्या आईची आहे. ती अजून परत मिळालेली नाही.

त्या पथकाने बेकायदा काही केले, असे माझे म्हणणे नाही. घरी येऊन मी कायदा वाचला आणि अक्षरशः पाहू गेल्यास तो त्यांच्याच बाजूने आहे, असे माझ्या ध्यानात आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या आणि त्यांची पात्रे शासनाची आहेत, आणि कलम ४८ प्रमाणे विनापरवाना गौण खनिज काढणाऱ्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. अकीक आणि जास्पर ही खनिजे १० फेब्रुवारी २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने गौण खनिजांच्या यादीत आली. सोने तर प्रमुख खनिज, त्यामुळे त्याचा नुसता शोध घेण्यालाही १९५७ चा खाण व खनिज अधिनियम आड येतो. यांपैकी कोणत्याही तरतुदीत ‘किती’ हा शब्द आमच्या उपयोगाचा नाही. खिशात टाकलेला गोटा आणि ट्रॉलीत भरलेली वाळू यांत कायद्याला दिसणारा फरक फक्त दंडाच्या रकमेचा आहे. गंमत म्हणून मी तोही हिशेब केला. २०२३ च्या वाळू धोरणातला सहाशे रुपये ब्रासचा (ब्रास म्हणजे शंभर घनफूट, वजनाने सुमारे साडेचार टन) दर धरला, तर परातीतल्या पाच किलो वाळूची किंमत सदुसष्ट पैसे होते आणि पाचपट दंड तीन रुपये पस्तीस पैसे. तो भरायला मी तयार आहे. अडचण दंडाची नाही, ती ‘वाळूचोर’ या शब्दाची आहे, आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या, उद्या नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीला सामोरे जाणाऱ्या मुलीसाठी तो शब्द तीन रुपयांचा नसतो.

वाळूच्या लुटीबाबत आम्ही आपल्या बाजूचे आहोत, हे मात्र कोणत्याही संदिग्धतेविना सांगतो. गिरणेच्या पात्रात मी विद्यार्थिदशेत पोटरीभर वाळूतून चाललो आहे. त्याच ठिकाणी आज उघडा खडक आणि डबकी आहेत. वाळूचा थर हा नदीचा स्पंज असतो, तो गेला की पुराचे पाणी धावत निघून जाते आणि काठच्या विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवतात, हे केळीच्या बागा सांभाळणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. रात्री डंपरसमोर उभे राहणाऱ्या तलाठ्याच्या आणि कोतवालाच्या जिवाला जो धोका असतो, तो मी वर्तमानपत्रात वाचतो, आणि म्हणूनच रविवारच्या दुपारी आमच्या परातीवर खर्च झालेले त्यांचे तीन तास मला अधिक खटकतात. साडेचार टनांचा एक ब्रास म्हणजे साधारण ट्रॅक्टरची एक ट्रॉली. मी दिवसभर न थांबता चाळीस पराती धुतल्या तर दोनशे किलो वाळू हाताखालून जाते. म्हणजे एका ट्रॉलीएवढी वाळू धुवायला मला बावीस-तेवीस दिवस लागतील, आणि धुतलेली वाळू मी जागच्या जागीच सोडतो. घरी येते ते चिमूटभर काळी रेती आणि मूठभर गोटे.

कायद्याने हात आणि यंत्र यांत फरक करू नये, असा काही दंडक नाही. तो फरक आपल्याकडे पूर्वीच केलेला आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेत ज्या कामांना पर्यावरण मंजुरीची गरज नाही, अशांची एक यादी जोडलेली आहे. त्यात कुंभारांनी आपल्या रीतीप्रमाणे हाताने काढलेली माती व वाळू आहे, कौले करणाऱ्यांची माती आहे, पुरानंतर शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने उचलणे आहे, आणि ग्रामपंचायत हद्दीतून स्वतःच्या किंवा गावाच्या कामासाठी परंपरेने वाळू घेणे आहे. म्हणजे ‘हाताने’, ‘परंपरेने’ आणि ‘स्वतःपुरते’ हे तीन शब्द शासनाला अपरिचित नाहीत. ही सूट पर्यावरण मंजुरीपुरती आहे, स्वामित्वधनाची किंवा खनिज कायद्याची नाही, हे मला माहीत आहे, आणि तिचा आधार घेऊन आम्ही हक्क सांगत नाही. विचाराची वाट मोकळी आहे, एवढेच दाखवतो.

परदेशातील उदाहरणे देताना मला थोडा संकोच होतो, कारण ‘अमेरिकेत असे असते’ या वाक्याने सुरू होणारे बहुतेक अर्ज केराच्या टोपलीत जातात, आणि ते योग्यच आहे. तरीही तेथे हा प्रश्न खऱ्या सोन्याच्या नद्यांवर सोडवला गेला आहे, म्हणून दोन-तीन गोष्टी सांगतो. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर छंदी लोकांसाठी नदीकाठच्या काही जागा ठरवून दिलेल्या आहेत. तेथे परवाना लागत नाही, पण साधने हाताचीच हवीत, इंजिन चालत नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात नाममात्र शुल्कात दहा वर्षांचा परवाना मिळतो, आणि बहुतेक राष्ट्रीय उद्याने त्यातून वगळलेली आहेत. कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये नदीच्या तळातली वाळू शोषून घेणाऱ्या इंजिनांवर बंदी घातली, परात मात्र चालू राहिली. फिनलंडच्या लेम्मेनयोकी राष्ट्रीय उद्यानात यंत्राने सोने खणणे २०२० मध्ये थांबले आणि फावड्याने खणणारे राहिले. या सर्व ठिकाणी रेषा ओढली गेली ती माणूस आणि नदी यांच्यामध्ये नव्हे, तर हात आणि इंजिन यांच्यामध्ये.

वन विभागाकडे आमची मागणी उलट दिशेची आहे. यावल, अनेर धरण आणि गौताळा-औट्रम घाट या अभयारण्यांत आम्हाला कोणतीही सवलत नको. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे कलम २९ तेथे काहीही काढून नेण्यास मनाई करते, आणि १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या व्याख्येत वनातला दगड आणि खनिज हेही वनोपज आहे. सार्वजनिक जागा आहे म्हणून सर्वांना सर्व काही करू द्यावे, हा युक्तिवाद आमच्यातलेही काही तरुण करतात. मला तो मान्य नाही. सार्वजनिक म्हणजे जे येथे येऊन बोलू शकत नाहीत त्यांचेही. वन विभागाने अभयारण्याबाहेर, पण वन हद्दीत असलेल्या नाल्यांबाबत मात्र स्पष्ट फलक लावावेत. हद्द कोठे सुरू होते हे पाटणादेवीला जाणाऱ्या भाविकाला जितके अंधुक असते, तितकेच आम्हालाही.

आमच्याच लोकांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, नाहीतर हे पत्र प्रामाणिक राहणार नाही. गारगोट्यांना मोबाइलवर गिऱ्हाईक मिळू लागल्यापासून काहींनी पहारी घेऊन दगडखाणींच्या कडा फोडल्या आहेत. कोणी काठाची माती उकरतो. हे दुसरे अधिक गंभीर आहे, कारण आपल्या नद्यांचे काठ नुसती माती नाहीत. प्रकाशा येथे तापीकाठी १९५५ मध्ये बी. के. थापर यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातील वस्ती उजेडात आली. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे एस. ए. साळी यांनी शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी शोधले, ते सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. त्या माणसांनी हत्यारांसाठी जी गारगोटी वापरली, तीच आम्ही वेचतो. नैसर्गिक गोटा आणि माणसाने घडवलेले पाते यांतला फरक नवख्याला कळत नाही, आणि काठातून उपटलेले पाते पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने निम्मे नष्ट झालेले असते. म्हणून काठाला, टेकाडाला आणि पांढरीला, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेला, हात लावणाऱ्यास आम्ही आमच्यात घेत नाही. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही चीज सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी, असे १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. दहा रुपये ही मर्यादा अजून तशीच आहे आणि ती पाळायलाही आमची हरकत नाही.

पारा आणि तेजाब यांविषयी शंका येऊ नये म्हणून लिहितो, की जगभर हाताने सोने काढणाऱ्यांनी नद्या नासवल्या त्या मुख्यतः पाऱ्याने. आमच्यापैकी कोणी पारा वापरत नाही. वापरूनही त्याला चिकटायला येथे सोने नाही.

ऋतूचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो आमच्या गैरसोयीचा आहे. पात्र सर्वांत उघडे पडते ते एप्रिल-मे महिन्यांत, छंदवाल्याला तोच काळ सोयीचा. पण नदी सुरय, आर्ली आणि चिखल्या हे पक्षी नेमके उन्हाळ्यात वाळूच्या उघड्या पट्ट्यांवर अंडी घालतात. घरटे असे नसतेच, वाळूत नुसता खळगा असतो, आणि अंडी वाळूच्याच रंगाची. हतनूरच्या बाजूला एकदा माझा पाय अशा खळग्यापासून वीतभर अंतरावर पडला होता. तेव्हापासून आम्ही फेब्रुवारी संपला की परात माळ्यावर ठेवतो. पावसाळ्यात तर जाण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा आम्ही मागतो आहोत ते वर्षातले चारच महिने, नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

आमची विनंती पुढीलप्रमाणे आहे. तिन्ही जिल्ह्यांत नदीपात्राचे दोन-तीन टप्पे निवडून, लिलावातील वाळू गट, पूल, पाणीपुरवठ्याच्या विहिरी आणि टरबुजाच्या वाड्या यांपासून पुरेसे दूर, अशा ठिकाणी दिवसाउजेडी हाताच्या साधनांनी वाळू धुण्यास व सुटे गोटे वेचण्यास परवानगी असावी. यंत्र, पंप, पहार आणि वाहन पात्रात नसावे. खड्डा गुडघ्याहून खोल नसावा आणि निघण्यापूर्वी बुजवला जावा. घरी नेण्याची मर्यादा आपण ठरवावी. आमच्या मते माणशी दोन किलो दगड पुष्कळ झाले, आणि त्यांची विक्री करणाऱ्याची परवानगी कायमची रद्द व्हावी. याच टप्प्यांत झारेकऱ्यांना त्यांची स्वतःची माती धुण्यास मुभा असावी. तिच्यात नदीचे काहीच जात नाही. यासाठी राज्य शासनाकडे प्रस्ताव पाठवावा लागेल, याची मला कल्पना आहे, आणि सोन्याचा मुद्दा तर राज्याच्याही हातात नाही. म्हणून ‘सोने’ हा शब्द प्रस्तावातून गाळला तरी चालेल. तोपर्यंत आपल्या अधिकारात एक गोष्ट होऊ शकते. गस्तीपथकांना द्यायच्या सूचनांत एक परिच्छेद वाढवून, परात-चाळणीनिशी बसलेल्या व्यक्तीची नावनिशी नोंदवून तिला समज द्यावी, साहित्य जप्त करू नये आणि चोरीचा गुन्हा लावण्यापूर्वी तहसीलदारांचे लेखी मत घ्यावे, एवढे लिहिले तरी आमचा निम्मा प्रश्न सुटेल. याच्या बदल्यात आम्ही ज्या टप्प्यात बसू तेथील ताज्या चाकोऱ्या, रात्रीत पडलेले खड्डे आणि नव्याने कापलेले उतार यांची छायाचित्रे तारीख-वेळेसह दर आठवड्याला खनिकर्म शाखेला देऊ. आमची नावे गुप्त ठेवण्याची हमी मात्र त्यासाठी लागेल, त्याचे कारण आपणांस सांगायला नको.

कार्यालयात चर्चेसाठी बोलावण्याऐवजी आपण किंवा आपल्या प्रतिनिधीने एका रविवारी सकाळी पात्रातच यावे, अशी आमची इच्छा आहे. काळी रेती चुंबकामागे धावताना आपणही पाहावी. आमच्याजवळ सध्या अॅल्युमिनियमची एक परात आहे, तिच्यावर काम भागते. पितळी परात जमा करून घेतल्याची पावती मी जपून ठेवली आहे आणि तिची प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवलेल्या अर्जासोबत जोडली आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
(गटातील सर्वांच्या वतीने)
जळगाव जिल्हा